राखुंडीची वाट

एका राज्यात, जिथं नदी डोंगराला वळसा घालून पुन्हा आपल्याच उगमाकडं बघायला येते, तिथं धारसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, न्यायी होता. फक्त तापट होता, आणि तापट माणसाला आपण तापट आहोत हे शेवटीच कळतं, तसं त्याचंही होतं.

त्याच्या पणजोबांच्या काळी भस्मनाथ नावाचा जादूगार त्या राजवाड्यात राहून गेला. जाताना त्यानं आपला खजिना आणि आपली मांजरं राजघराण्याच्या हवाली केली. एक लांबलचक दालन होतं. त्याच्या मधोमध भिंत चिणून पलीकडं खजिना ठेवला, अलीकडं मांजरं ठेवली. राजाच्या शब्दावाचून ती भिंत उघडणार नव्हती. खजिना कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण भिंतीला कान लावला की आतून मोहरांची किणकिण ऐकू येई. शेजारचे राजे त्या किणकिणीला वचकून असत आणि प्रजा तिच्या भरवशावर निवांत झोपे.

मांजरं सुखात होती. त्यांच्या विधीसाठी वाळूची घमेली भिंतीलगत एका ओळीत मांडलेली असत, पहाऱ्यावरच्या ढालींसारखी. सगळ्यांत मोठी मांजर पांढरी, एक कान चिरलेली. तिला सगळे थोरली म्हणत. दालनाला दार एकच होतं आणि त्या दारात थोरली बसून असे.

एके दिवशी धान्याच्या गाडीतून एक पिल्लू राजवाड्यात आलं. राखाडी रंगाचं, शेपूट दोऱ्याएवढं. राजकन्या इरावतीनं त्याला ओंजळीत घेतलं आणि नाव ठेवलं राखुंडी. बापलेकीच्या त्या घरात राणी नव्हती. हसण्याचा आवाज तसा कमीच होता. पिल्लू आलं आणि इरावती हसू लागली.

तिसऱ्या प्रहरी दरबार भरला होता. राजा सिंहासनावर बसायला गेला, तर गादी ओली.

“हे कोणी केलं?”

राखुंडी सिंहासनाखालून बाहेर आली आणि राजाच्या पायावर अंग घासू लागली. राजानं पाय उचलला आणि तिला लाथेनं दूर फेकलं.

पिल्लू पडद्यावर आदळलं, उठलं, पळालं. त्याला काही झालं नाही. पण राजा पाय खाली ठेवू गेला तो खाडकन आवाज झाला. राजाचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत दगडाचे झाले होते.

तो मटकन गादीवर बसला, तो तिथलाच झाला. मग भिंतीतली किणकिण थांबली आणि भिंतीतून भस्मनाथाचा आवाज आला, संथ, म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा.

“माझ्या घरच्या जिवाला लाथ मारलीस, धारसेना. आता ते पिल्लू आपल्या पायांनी, आपल्या मनानं आपल्या जागी जाईल आणि घरची मांजरं त्याला वाट देतील, तेव्हाच तू सुटशील. तोवर त्याच्या चुकांनी दगड वर चढत राहील. तीन गोष्टी करू नका. त्याला मारू नका. त्याला कोंडू नका. त्याला उंबऱ्याबाहेर नेऊ नका.”

आवाज थांबला. किणकिण पुन्हा सुरू झाली.

कारभारी त्रिंबकपंत पुढं झाले. पंत म्हणजे स्वच्छतेचे मोठे भोक्ते. त्यांच्या अंगरख्यावर कधी सुरकुती दिसली नव्हती.

“महाराज, काळजी नसावी. एका मांजराच्या पिल्लाचा तर प्रश्न आहे. राजघराण्याला शोभेल अशी व्यवस्था करतो.”

त्यांनी सोन्याचं घमेलं आणवलं, गुडघाभर उंच काठाचं. त्यात समुद्राकाठची शुभ्र वाळू भरली, वर केवड्याचा अर्क शिंपला. ते दरबाराच्या मधोमध मांडलं आणि पिल्लाला ओळख पटावी म्हणून शेजारीच दुधाची वाटी ठेवली. दोन बाजूंना चौघडेवाले उभे केले. पिल्लू आत उतरलं की मंगलवाद्यं वाजवायची, असा हुकूम होता.

राखुंडी आली. दूध प्याली. घमेल्याच्या काठाकडं मान वर करून पाहिलं. वाळूचा वास घेतला, शिंकली आणि तुरुतुरु जाऊन पडद्यामागं बसली.

चौघडेवाल्यांना वाटलं, काम झालं. त्यांनी चौघडा वाजवला. पिल्लू घाबरून उंच उडालं आणि राजाचे गुडघे दगडाचे झाले.

“बंद करा ते!” राजा ओरडला.

आता इरावतीचा धीर सुटला. तिनं राखुंडीला मानेला धरलं, ओल्या पडद्यापाशी नेलं आणि तिचं नाक त्याच्यावर टेकवलं. “हे बघ काय केलंस! इथं नाही करायचं! कळलं?”

पिल्लानं कान पाडले. त्याला कळलं.

त्या दिवसापासून दरबारात कुठं ओल दिसेना. सगळ्यांना वाटलं, पिल्लू शिकलं. पण राजा बसल्या जागी एकाएकी दचके आणि म्हणे, “इरा, आणखी वर आलं.” मग सगळे धावत सुटत. कुणी पेटीमागं वाकून वास घेई, कुणी गालिचा उचले, पंत तर हातापायांवर रांगत शस्त्रागारापर्यंत जात. एकदा ओल सापडली ती सेनापतीच्या शिरस्त्राणात. दगड राजाच्या कमरेला टेकला तरी पिल्लू जातं कुठं ते कुणाला दिसेना.

राजवाड्याच्या कमानीवर एक कोतवाल पक्षी राही. काळा, दुभंगल्या शेपटीचा. तो सगळ्यांचे आवाज काढी आणि सगळ्यांच्या भाषा बोले. त्यानं प्रथम पंतांच्या आवाजात खाकरून घेतलं, मग स्वतःच्या आवाजात बोलला.

“राजकन्ये, तू तिला काय शिकवलंस ठाऊक आहे?”

“इथं करू नये, हे शिकवलं.”

“नाही. तुझ्यादेखत करू नये, हे शिकवलंस. ती लबाड नाही. तू सांगितलंस तेवढंच ती करते आहे.”

इरावती खाली बसली. आपल्या हातांकडं तिनं पाहिलं. ती म्हणाली, “मग आता?”

“तीन कामं आहेत. पहिलं, तिनं जिथं डोळे उघडले तिथली माती आण. दुसरं, जुना वास उतरव. नाक जिथं ओळख सांगतं तिथंच पाय जातात. तिसरं, थोरलीचं मन जाणून घे. पहिल्या दोन कामांना चालावं लागेल. तिसरं अवघड आहे.”

“तिसऱ्यात काय करायचं?”

“काही नाही करायचं. म्हणून तर अवघड.”

इरावती बापाचा निरोप घ्यायला गेली. राजाच्या नाकावर माशी बसली होती. कमरेपर्यंत दगड झाल्यापासून हातही जड झाले होते. तिनं माशी हाकलली.

“आबा, मी येईस्तोवर राखुंडीवर ओरडू नका.”

“नुसतं बघत राहू? माझं अंग दगड होतंय ते?”

“हो, आबा.”

राजानं डोळे मिटले. “जा. लवकर ये.”

कोतवालानं दोन वाटा सांगितल्या होत्या. पहिली वाट सावल्यांच्या रानातून होती. त्या रानात झाडं नव्हती, नुसत्या सावल्या होत्या, आणि त्या वाटसरूला नाव विचारीत. खोटं सांगणाऱ्याला त्या आपल्यात उभं करून घेत. इरावतीनं नाव सांगितलं. एक सावली म्हणाली, “तूच ना ती, पिल्लाचं नाक घासणारी?” इरावती म्हणाली, “मीच.” सावल्यांनी वाट दिली.

रानापलीकडं कुंभारवाडा होता. तिथं सरूआई नावाची कुंभारीण मडकी वाजवून बघत बसली होती. पक्कं मडकं तिला आपलं वय सांगे, कच्चं गप्प बसे.

“राखाडी पिल्लू? शेपूट दोऱ्यावाणी?” सरूआई म्हणाली. “अगं, तिची आई माझ्या भट्टीमागं व्याली. उबदार राखेत. तिथंच डोळे उघडले, तिथंच आईनं खड्डा करायला नि झाकायला शिकवलं. धान्याच्या गाडीत कधी चढली कुणास ठाऊक. तुम्ही काय दिलं तिला?”

“समुद्राची वाळू. केवडा घालून.”

सरूआई हसली, हसता हसता हातातलं मडकं दचकलं. “लेकी, तुला कुणी अत्तराच्या हौदात उतरवून म्हणालं, इथं बस, तर बसशील?”

इरावतीलाही हसू आलं. खूप दिवसांनी.

सरूआईनं भट्टीतली राख गाठोड्यात बांधून दिली आणि वर एक मातीचा परळ दिला, ताटासारखा पसरट, ज्याचा काठ पिल्लाच्या पोटालाही लागणार नाही असा. “जपून ने. नदीचं पाणी भट्टीत शिरलंय. नवी राख आता पुढल्या वर्षी.”

दुसरी वाट आंबट तळ्याकडं होती. त्या तळ्याचं पाणी कसलाही वास धुऊन काढी. पण घाईनं येणाऱ्यापासून ते लांब सरके. इरावती धावली, तळं डोंगरापलीकडं गेलं. ती चालली, तळं शेताएवढं लांब राहिलं. डोळ्यांपुढं बापाचं दगड होत जाणारं अंग दिसत होतं आणि पाय धावायला बघत होते. शेवटी ती थांबली. एक पाऊल टाकलं, श्वास घेतला. मग दुसरं टाकलं. अशी ती म्हाताऱ्या माणसासारखी चालत राहिली, तेव्हा तळं आपणहून सरकत आलं आणि तिच्या पायांशी टेकलं. तिनं कळशी भरून घेतली.

परतली तेव्हा दगड राजाच्या छातीला पोचला होता.

“ओरडला नाहीत ना, आबा?”

“नाही.” राजाचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता. “एकदा ती माझ्यासमोर बसली. माझ्याकडं बघत होती. मी काही बोललो नाही. तर ती तिथंच झोपली.”

इरावतीनं गुडघे टेकून गादी, पडदा, पेटी, गालिचा, सेनापतीचं शिरस्त्राण, सगळं आंबट पाण्यानं पुसलं. वास उतरला. मग मांजरांच्या दालनात, घमेल्यांच्या ओळीपासून दूर, कोपऱ्यात परळ ठेवला आणि त्यात राख पसरली.

राखुंडी दाराशी आली. तिच्या नाकानं हवा ओढली. अंग ताठ झालं, शेपूट उभं राहिलं. ती परळाकडं निघाली, एक पाऊल, दुसरं पाऊल. पुढचा पंजा राखेला लागला.

आणि थोरलीनं झेप घेतली.

एवढासा जीव, कुठं जाणार? दार थोरलीच्या मागं राहिलेलं, तिन्ही बाजूंना भिंती. पिल्लू किंचाळत घमेल्यांवरून उड्या मारीत, थोरलीच्या पोटाखालून निसटून बाहेर पळालं आणि पायऱ्यांवर त्याचं पाणी सुटलं. दरबारातून राजाचा घुसमटलेला आवाज आला. दगड खांद्यांवर चढला होता.

इरावती पिल्लाला शोधत बाहेर धावली. परतली तर परळ धुऊन उपडा घातलेला आणि त्रिंबकपंत हात पुसत उभे.

“बाईसाहेब, आपण दमलेल्या आहात म्हणून आम्हीच आवरून टाकलं. मांजरांच्या दालनात कुणी चुलीतली राख सांडली होती. सगळी मोरीतून वाहवून दिली. वर थोडा केवडाही शिंपडला.”

पंतांनी तिचा चेहरा पाहिला आणि त्यांचा हात हवेतच राहिला.

“आमच्याकडून काही चुकलं का?”

कमानीवरून कोतवालानं पंतांच्याच आवाजात उत्तर दिलं, “काळजी नसावी. एका मांजराच्या पिल्लाचा तर प्रश्न आहे.” पंत खाली बघू लागले.

राख संपली होती. राहिलं होतं तिसरं काम. इरावती थोरलीच्या दारात जाऊन खाली बसली. बोलली नाही, हात पुढं केला नाही. थोरलीनं फिस्कारून पाहिलं. पाठ फिरवली. पुन्हा तोंड केलं. बाहेर ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं. आत दरबारात राजाचा श्वास दगडावर दगड घासावा तसा वाजत होता, आणि इरावती बसून राहिली. आंबट तळ्यानं शिकवलेली चाल ती आता बसल्या बसल्या चालत होती.

शेवटी थोरली हळू आवाजात गुरगुरली. कोतवाल खाली उतरला आणि जुन्या खानदानी बाईच्या आवाजात बोलू लागला.

“ती म्हणते, मुली, मला दुष्ट समजू नकोस. या दालनाला दार एक. जो दारात, तो मालक. जो आत, तो सापडला. मी लहान होते तेव्हा मी आत होते. कान चिरला तो इथंच. त्या दिवसापासून मी दार सोडलं नाही.”

“आम्ही एवढी घमेली मांडली आहेत. सगळ्यांना पुरून उरतील.”

कोतवालानं थोरलीसारखी मान वाकडी केली. “ती म्हणते, एका ओळीत, एका खोलीत मांडली आहेत. आम्हांला ते एकच घमेलं दिसतं. दुसरी वाट दे. पळायला वाट असली की कुणी कुणावर झेप घालत नाही.”

इरावतीनं भिंतींकडं पाहिलं. तीन बाजूंना डोंगराचा अखंड खडक होता; तिथं छिन्नी चालली नसती. चौथी भिंत किणकिणत होती.

ती दरबारात गेली. दगड राजाच्या गळ्याशी आला होता.

“आबा, मधली भिंत उघडायला हवी. पलीकडं दरबारात उघडणारं जुनं दार आहे, तेही चिणलेलं आहे. दोन्ही तुमच्या शब्दानंच उघडतील.”

“आणि खजिना?”

“भस्मनाथाचा खजिना आहे. भिंत उघडली की राहील असं वाटत नाही.”

सेनापती पुढं आला. “महाराज, त्या किणकिणीवर सीमा शांत आहे.”

राजाचे डोळे तेवढे हलत होते. ते खाली गेले. राखुंडी सिंहासनापुढं आली होती. ती जमीन हुंगत होती. गोल फिरली. पुन्हा हुंगलं. ते गोल फिरणं आता दरबारात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. सेनापतीनं श्वास रोखला. पंतांनी डोळे मिटले.

“आबा,” इरावती म्हणाली, “आता वर गेलं तर हुकूम द्यायला तोंड राहणार नाही.”

राजा पिल्लाकडं बघत होता. त्यानं इतक्या हळू आवाजात सांगितलं, की जवळ उभं असणाऱ्यांनाच ऐकू गेलं.

“राखुंडी, जरा थांब गं.” आणि मग, “भिंत उघडा.”

सिंहासनाशेजारचं चिणलेलं दार आवाज न करता गळून पडलं. आतली मधली भिंतही गळाली. मोहरांचा डोंगर दिसला, दिव्यासारखा पिवळा, क्षणभर. मग किणकिण थांबली आणि सगळं सोनं राख झालं. मऊ, करडी, उबदार राख दारातून ओघळत आली आणि राजाच्या दगडी पायांशी थबकली.

कुणी हललं नाही.

राखुंडीनं नाक वर केलं. ती राखेच्या काठाशी गेली. पंजा टेकवला. तेवढ्यात पलीकडून, मांजरांच्या दालनातून, थोरली राखेवर पावलं उमटवीत आली आणि समोर उभी राहिली. पिल्लाची पाठ कमानीसारखी वाकली. त्यानं मागं पाहिलं. मागं मोकळा दरबार होता. थोरलीनंही मागं पाहिलं. तिच्याही मागं दार होतं.

पंतांच्या नाकात राख गेली होती. त्यांचं नाक थरथरू लागलं. इरावतीनं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. पंतांनी दोन्ही हातांनी नाक दाबलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तोंड लाल झालं, पण शिंक काही बाहेर आली नाही.

थोरली खाली बसली. डोळे अर्धे मिटले. मग तिनं मान वळवून भिंतीकडं तोंड केलं, जसं थोरल्या माणसानं लहानाला लाज वाटू नये म्हणून करावं.

राखुंडी दोन पावलं आत गेली. पुढच्या पंजांनी एक खळगा केला. त्यावर बसली, शेपूट ताठ, नजर दूर कुठं तरी लावून. उठली. वळून वास घेतला. आणि मन लावून राख ओढत राहिली, पुरतं झाकलं जाईपर्यंत.

राजाच्या गळ्यावर तडा गेला. तो छातीवर उतरला, कमरेवर उतरला, आणि दगडाचे पापुद्रे खळाखळा खाली पडले. राजा सिंहासनावरून घसरून राखेत गुडघ्यांवर आला. इरावतीनं त्याला धरलं.

मग पंत शिंकले. तीनदा. कमानीवरच्या कोतवालानं चौघडा वाजवून दाखवला, अगदी हळू.

सीमेवरचे राजे काही काळ कुरबुरले. सेनापती जाऊन आला आणि म्हणाला, “खजिना आता राजानं पायाशी ओतून घेतला आहे,” आणि ते त्याचं बोलणं खोटं नव्हतं. कुणी चालून आलं नाही. राजवाड्यात घमेली आता निरनिराळ्या जागी ठेवली जातात, मांजरं असतील त्यांच्याहून एक जास्त, जेवणाच्या वाट्यांपासून लांब, आणि जिथं घमेलं तिथं दोन वाटा. केवड्याचा अर्क पंत आपल्या रुमालाला लावतात.

शाप उतरला तरी राजाच्या उजव्या पायाची करंगळी दगडाचीच राहिली. म्हणून तो सावकाश चालतो आणि फरशीवर टक, टक असा आवाज होतो. तो आवाज आला की एकही मांजर दचकून पळत नाही. थोरली एक डोळा उघडते आणि मिटते. राजा चाळण घेऊन खाली बसतो, रात्रीची राख चाळतो, ताजी पसरतो, आणि राखुंडी त्याच्या पायावर अंग घासून पुढं जाते. तो पाय तेवढा वेळ हलत नाही.

त्या राज्यात अजून तसंच चाललं आहे. तुमच्याही उंबऱ्यात सगळ्यांना वाट असो.